दुसऱ्या माणसाची जागा

झाडगावच्या औद्योगिक वसाहतीत, बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड आहे. तिच्या आत एका कंपनीचा रत्नागिरी विभाग आहे. रत्नागिरी विभाग म्हणजे विनोद आंबेरकर. हे आलंकारिक बोलणं नव्हे, मुंबईच्या मुख्य कचेरीत तशी नोंदच आहे. पूर्वी इथे सहा जण होते. एक कुवेतला गेला, दोघे लोट्याच्या वसाहतीतल्या कारखान्यात लागले, एकाने काजूचा धंदा काढला. पाचवा निवृत्त झाला तेव्हा निरोप समारंभाचा अध्यक्ष, प्रमुख वक्ता आणि समोसे आणणारा असे तिघेही विनोदच होते.

तेव्हापासून विनोद उत्पादन प्रमुख आहे, गुणवत्ता प्रमुख आहे आणि सुरक्षा अधिकारीही आहे. सुरक्षा सप्ताहाचा मेल आला की तो हेल्मेट घालतो आणि स्वतःला शपथ देतो. आगीच्या सरावाला भोंगा वाजवतो, धावत बाहेर काजूच्या झाडाखाली जाऊन उभा राहतो, हजेरी घेतो आणि सगळे सुखरूप असल्याचं मुंबईला कळवतो. गेल्या वर्षी रत्नागिरी विभागाचा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून त्याचीच निवड झाली. चुरस नव्हती, पण निकाल जाहीर होईपर्यंत त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं कोणी नव्हतंही.

घरी फार वेगळं नव्हतं. बायको नम्रता दोन महिन्यांसाठी म्हणून डोंबिवलीला मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. नात आता शाळेत जाते. विनोदच्या वाडीत घरोघरी बायका गावाला आणि पुरुष मुंबईत. याच्याकडे उलट. त्यामुळे वाटेत भेटणाऱ्या बायका त्याला आपल्यातलाच समजून विचारत, गणपतीला येतायत ना घरची? तो म्हणे, बघू, रजेवर आहे सगळं.

शेडमध्ये तो काय करतो हे सांगायला सोपं आहे, फक्त कोणी विचारत नाही. समुद्रातल्या शेवाळापासून अगर नावाचा जेलीसारखा पदार्थ निघतो, आणि तो शुद्ध करून त्यातून अगारोज. त्याचे इतके बारीक मणी करायचे की बाटलीत ते ओल्या रव्यासारखे दिसावेत. मग नर माशाच्या पोटातली पांढरी पिशवी घ्यायची, तिच्यातला डीएनए काढायचा आणि तो या मण्यांना रसायनाने कायमचा बांधून टाकायचा. या मालाला रेझिन म्हणतात. मोठमोठ्या प्रयोगशाळा ते काचेच्या उभ्या नळीत भरतात आणि वरून पेशींचा रस ओततात. त्या रसात हजारो प्रथिनं असतात. बहुतेक सगळी सरळ खाली निघून जातात. पण लांज्याच्या स्टँडवर शंभर माणसांतून एखादा आपल्याकडे येतो, “तुम्ही कुठले? म्हणजे अमक्यांचे कोण?” असं विचारतो आणि आपली गाडी लागेपर्यंत हलत नाही, तशी काही प्रथिनं डीएनएला धरून बसतात. मग नळीत मिठाचं पाणी सोडायचं, त्याचा खारटपणा वाढवत न्यायचा. एका टप्प्याला त्यांचा हात सुटतो आणि हवं ते प्रथिन निव्वळ, एकटं बाहेर पडतं.

विनोदचा माल चांगला होता. ही त्याची अडचण होती. माल वाईट असला की गिऱ्हाईक फोन करतं, आवाज चढवतं, दोन-तीन दिवस बोलणं चालतं. चांगल्या मालाला फोन येत नाही.

एप्रिलमध्ये मात्र मुंबईहून संदेश चौकेकर साहेबांचा फोन आला. हे त्याचे वरिष्ठ, आणि वर्षातून एकदा विभाग बघायला यायचं असं दरवर्षी ठरवणारे. बेंगळुरूच्या एका संस्थेला नमुन्याची बाटली हवी होती. ती पसंत पडली तर संस्था कायमचा माल लावणार होती. तसं झालं तर, साहेब म्हणाले, रत्नागिरीला दुसरी जागा मंजूर करू.

विनोदने विचारलं, जागा म्हणजे गोडाऊन?

साहेब म्हणाले, माणूस.

फोन ठेवल्यावर विनोदने शेडमधला कोपरा न् कोपरा झाडला. त्याला कामाला मदत नको होती. काम दोन हातांत बसत होतं. “आज फार उकडतंय” हे वाक्य ऐकून “होय ना” म्हणणारं कोणीतरी त्याला हवं होतं. इतकी वर्षं तो हे फ्रीजला सांगत होता, आणि उकाड्याच्या बाबतीत फ्रीजचं मत पक्षपाती होतं.

बाटली तयार झाली. मेच्या मध्याला गाडीने गोव्याला आणि तिथून विमानाने जायची होती. गाडी यायच्या आदल्या दिवशी वारा सुटला, वसाहतीच्या रस्त्यावर एक माड तारांवर आडवा पडला आणि वीज गेली. उद्या संध्याकाळशिवाय येणार नाही असं कळलं. या रेझिनला ऊब चालत नाही. फ्रीजच्या आतला काटा वर सरकायला लागला. विनोदला तर त्याच दिवशी लांज्याला चुलतभावाच्या मुलीच्या हळदीला जायचं होतं, आणि सख्ख्या चुलतभावाकडे हळदीला न जाण्याचं कारण म्हणून ‘वीज गेली’ हे कोकणात चालत नाही.

तो बाटली घेऊन हफीजाचाचीकडे गेला.

हफीजाचाची मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे घेऊन मुंबईच्या व्यापाऱ्यांना पाठवत. सत्तरीला आलेली बाई, दोन मुलगे दुबईत, मोठ्याचं नाव उमेर, धाकट्याचं नाव घ्यायला त्या विसरत, कारण तो पैसे पाठवी पण फोन करत नसे. विनोदला लागणाऱ्या पांढऱ्या पिशव्या चाचीच बाजूला काढून ठेवत. बाकी लोक त्या फेकतात. विनोद त्या तळून खातो असं त्यांचं पहिली दोन वर्षं मत होतं आणि त्याबद्दल त्यांना त्याची कीव वाटे. बर्फाच्या कारखान्याला लागून त्यांच्या फायबरच्या पेट्या असत, आणि कारखान्याला जनरेटर होता.

विनोदने बाटली त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं की ही उद्यापर्यंत थंड राहायला पाहिजे, माझी सगळी भिस्त हिच्यावर आहे.

इतकंच सांगितलं. त्याच्या धंद्यात थंड म्हणजे पाणी गोठायच्या थोडं अलीकडे. हे त्याला इतकं ठाऊक होतं की सांगायचं असतं हे ध्यानातच आलं नाही.

लांज्याला हळद उत्तम झाली. ‘कंपनीत माणसं किती’ असं एका व्याह्यांनी विचारलं. विनोद म्हणाला, सध्या अर्धीच आहेत, दुसरी येतायत.

सकाळी तो परत आला तेव्हा चाची पेटीपाशी उभ्याच होत्या. एखाद्याचं मूल रात्रभर सांभाळून परत देताना असतो तसा चेहरा. त्यांनी झाकण उघडलं. वरच्या थरात, मुंबईला जायच्या पापलेटांच्या शेजारी, फोडलेल्या बर्फात बाटली गळ्यापर्यंत पुरलेली होती. बर्फावर जाड्या मिठाच्या मुठी मारलेल्या. सुरमई-पापलेट लांबच्या गाडीला द्यायचं असलं म्हणजे त्या असंच करत. मिठाने बर्फ चावरा होतो आणि माल दगडासारखा राहतो. स्थानिक बाजारातल्या बांगड्याला हा मान मिळत नाही. नुसता बर्फ.

बाटलीही दगडासारखी राहिली होती.

चाचींना वाटलं तो आनंदाने गप्प झालाय. त्या म्हणाल्या, उपकार मानू नकोस, शेजार आहे. विनोद बरं म्हणाला आणि बाटली कुशीत घेऊन शेडमध्ये आला.

दुपारपर्यंत ती वितळली. बघायला काही झालेलं नव्हतं. तोच ओला रवा, तसाच पांढरा, तळाला तसाच शांत. विनोदने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एरवी तिथे गोल, गुळगुळीत मणी दिसायचे, एकमेकांना न लागता बसलेले. आता बऱ्याच मण्यांना चिरा होत्या. काही दुभंगले होते. मण्याच्या पोटातलं पाणी गोठताना फुगलं आणि त्याने घर फोडलं.

इथे रत्नागिरी विभागात मतभेद झाले. उत्पादन प्रमुखांचं म्हणणं पडलं की डीएनए जागच्या जागी आहे, माल डोळ्यांना उत्तम आहे, गाडी दाराशी येतेय, पाठवून द्या. बेंगळुरूवाले पहिल्यांदा वापरतील तेव्हा कदाचित चालूनही जाईल. गुणवत्ता प्रमुख म्हणाले की या चिरांचा भुगा होईल, भुगा नळीत बसेल, आणि दोन-तीन वापरांत वरचं पाणी खाली यायचं बंद होईल. उत्पादन प्रमुख म्हणाले, तोवर माणूस रुजू झालेला असेल. हा मुद्दा बिनतोड होता. सुरक्षा अधिकाऱ्यांनी मत द्यायचं टाळलं.

गाडी आली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. विनोद बाहेर गेला, त्याला सरबत दिलं, वाऱ्याबद्दल दोन वाक्यं बोलला, त्याचं उत्तर ऐकून घेतलं आणि रिकामी गाडी परत पाठवली.

मग मुंबईला फोन केला. वीज गेली, माल खराब झाला, एवढंच सांगितलं. साहेबांनी अगदी समजुतीने म्हटलं की काही हरकत नाही, जागेचं पुढच्या वर्षी बघू. साहेबांचं पुढचं वर्ष काय असतं हे विनोदला त्यांच्या भेटींवरून माहीत होतं. त्याने महिनाअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. साहेब म्हणाले, बघा, तुमच्याकडे माणसं असतील तर.

आता मासे लागणार होते, तेही नर, पोट भरलेले, आणि एक जूनला मासेमारी बंद. बांगडा तेवढा या दिवसांत पिकलेला मिळतो. म्हणजे पुन्हा चाचींकडे जाणं आलं. दोन दिवस तो त्यांची नजर चुकवत होता. तिसऱ्या दिवशी चाचीच शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आत यायला सांगायच्या आधी आत आल्या. इतक्या वर्षांत त्या शेडच्या आत कधी आल्या नव्हत्या. त्यांनी काचेच्या नळ्या बघितल्या, तीन टेबलं बघितली, खुर्च्यांवरची धूळ बघितली.

“बाकीचे कुठेत?”

“जेवायला गेलेत.”

“कधीपासून?” चाचींनी विचारलं. विनोद हसला. त्या हसल्या नाहीत. “तुझी बाटली गेली नाय म्हणे. गाडीवाला सांगत होता. मी बिघडवली?”

“विजेने बिघडवली.”

“विजेला मीठ कोणी घातलं?”

विनोदने त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. चष्मा काढून, एक डोळा हाताने झाकून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “साबुदाणा तडकलाय.”

“होय.”

“तर मग तोंडाने सांगायचं की, चाची, बर्फाला मीठ लावू नको. तुझी भिस्त आहे म्हणालास. भिस्त असल्यावर मी काय कमी मीठ घालणार होते?”

विनोदने नर बांगड्यांचा विषय काढला. किती पाहिजेत ते सांगितल्यावर चाचींनी पदर खोचला आणि म्हणाल्या की एवढे पिशव्यांनी येणार नाहीत, उद्या पहाटे जेटीवर ये, आणि बूट घालून येऊ नको, लोक हसतील.

तो चपला घालून गेला. लोक तरीही हसले. बांगड्याच्या राशीपुढे चाची आणि दोघी जणी उकिडव्या बसल्या होत्या. एकेक मासा उचलायचा, अंगठ्याने पोट मागे दाबत न्यायचं. दाणे दिसले तर मादी, या टोपलीत. दुधासारखा थेंब आला तर नर, विनोदच्या डब्यात. बर्फ घालायचा तो नुसता, हे चाची येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बजावत होत्या, ज्यांचा संबंध नव्हता त्यांनाही.

एका होडीवाल्याने विचारलं, हा कोण आणलास चाची?

“कंपनीचा साहेब आहे. नर बघायला आलाय.”

“कोणासाठी?”

“बेंगळुरूचं स्थळ आहे,” चाची म्हणाल्या. “गोरं पाहिजे, पोटाने भरलेलं पाहिजे. तू उभा राहू नको, तुझं काय व्हायचं नाय.”

होडीवाल्यापेक्षा त्या दोघी जास्त हसल्या. एकीने विनोदला विचारलं की मादी का नको तुमच्या कंपनीला. विनोदने सांगितलं की नरात डीएनए जास्त आणि बाकीचा मालमसाला कमी असतो. ती म्हणाली, म्हणजे डोक्यात कमी असतं ते पोटात असतं तर. विनोदला हे शास्त्रीयदृष्ट्या खोडता आलं नाही. अशा चार सकाळी गेल्या. त्याच्या अंगाला वास येत होता, बोटं बर्फाने बधिर होत होती, आणि शेडमध्ये परत आल्यावर आपण अजून कोणालातरी उत्तर देतोय असं त्याच्या लक्षात यायचं.

पुढचं काम नेहमीचं. पिशव्या वाटल्या, गाळल्या, डीएनए काढला. थंड अल्कोहोलात तो पांढऱ्या दोऱ्यांसारखा वर आला, तो काचेच्या कांडीवर गुंडाळून घेतला. उकळून त्याचे जोडधागे सुटे केले आणि मण्यांना बांधले. न चिकटलेलं सगळं धुऊन टाकलं. थोडं रेझिन नळीत भरून स्वतः तपासलं. वरून मिश्रण सोडलं, बाकीचं खाली गेलं, जे राहायचं ते राहिलं. मिठाचं पाणी वाढवलं तसं वेळेवर सुटलं. महिना संपायच्या आत गाडी आली आणि भरलेली गेली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बेंगळुरूहून उत्तर आलं. माल पसंत. संस्थेने कायमची मागणी लावली. साहेबांनी फोनवर रत्नागिरी विभागाचं अभिनंदन केलं आणि ते सर्वांपर्यंत पोचवायला सांगितलं. विनोदने ते लगेच पोचवलं. मग त्याने जागेचं विचारलं.

जागा मंजूर झाली होती. माणूसही मिळाला होता. दीपाली बने, जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. मालाची कागदपत्रं, गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार, सगळं बघेल.

विनोदने खुर्च्या पुसल्या होत्याच. तो म्हणाला, राहायची सोय मी बघतो, साळवी स्टॉपला खोल्या आहेत.

साहेब म्हणाले, सोयीची गरज नाही. ती पुण्याला आहे, घरूनच काम करणार. तुमच्यावर भार नको म्हणून मुद्दाम तसं केलंय.

चाचींना सांगावं म्हणून तो बर्फाच्या कारखान्यापाशी गेला. पेट्या उलट्या घालून ठेवलेल्या होत्या. बंदीचे दोन महिने. उमेरने तिकीट पाठवलं आणि त्या दुबईला गेल्या, असं कारखान्याच्या मुकादमाने सांगितलं. जाताना त्या याच्यासाठी सुकट ठेवून गेल्या होत्या.

सोमवारी दीपाली रुजू झाली. म्हणजे लॅपटॉपवर एक चौकोन उघडला, त्यात तिचं नाव होतं, चेहरा नव्हता. चौकोन म्हणाला, गुड मॉर्निंग सर. विनोदने तिला विभागाची माहिती दिली. उत्पादन कोण बघतं, गुणवत्ता कोण बघतं, सुरक्षा कोण बघतं. तिने सगळी नावं लिहून घेतली आणि मग विचारलं, “सर, हे तिन्ही आंबेरकर नातेवाईक आहेत का?”

“जवळचे,” विनोद म्हणाला.

ती पंधरा मिनिटांत कामाचं बोलून जायची. आठवड्याभराने एकदा बोलणं संपलं तरी चौकोन गेला नाही. विनोदला वाटलं ती बंद करायला विसरली. तो आपल्या कामाला लागला. बाहेर पावसाने पत्रा वाजत होता, आणि बर्फाच्या कारखान्याकडून कोणीतरी कोणाला तरी शिव्या देत होतं.

“सर, असू दे चालू?” चौकोनातून आवाज आला.

“काय?”

“कॉल. तुमच्याकडचा आवाज येतो म्हणून. मी गुहागरची. इथे खोलीत दोघी राहतो, पण दुसरी रात्रपाळीला असते. मी उठते तेव्हा ती झोपलेली असते. आवाज करता येत नाही.”

विनोद म्हणाला, असू दे.

मग तसंच चालू लागलं. ती तिकडे टाइप करायची, तो इकडे मणी धुवायचा. कधी तिच्याकडे कुकरची शिट्टी दबकत व्हायची. कधी तो म्हणायचा, आज जोर आहे पावसाला. ती म्हणायची, होय, ऐकू येतोय. यापुढे बोलणं जात नसे, आणि न्यावं असं दोघांपैकी कोणाला वाटलंही नाही.

अडचण एकच होती. कंपनीने या कॉलसाठी फुकटातली व्यवस्था घेतली होती. ती चाळीस मिनिटांनी आपोआप तुटायची. मग दोघांपैकी कोणीतरी पुन्हा लावायचं. कोणी, हे ठरलेलं नव्हतं. विनोदच लावत असे. दिवसातून दहा-बारा वेळा, दरवेळी कामाचं काहीतरी निमित्त काढून. पण बोलवावा लागणारा माणूस आणि आपण होऊन येणारा माणूस यांत फरक असतो, हे त्याच्याइतकं जवळून कोणी तपासलं नसेल. आणि हा फरक वरून बघून कळत नाही.

जुलैच्या एका दुपारी कॉल तुटला. पडद्यावर त्याचाच चेहरा उरला. विनोदचा हात सवयीने बटनाकडे गेला आणि मध्येच थांबला.

त्याने लॅपटॉपचा आवाज पूर्ण वाढवला. मांडणीतल्या काचेच्या नळ्या काढल्या आणि मोरीवर धुवायला नेल्या. पाऊस थांबला होता. बाहेर कोणी बोलत नव्हतं. पहिली नळी त्याने हातात धरली, आणि तिकडून कॉल आलाच तर तो पाण्याच्या आवाजाखाली बुडू नये म्हणून नळ अगदी बारीक सोडला.